वसई कोणत्या तारखेस पडली?

वसईच्या इतिहासावरील दोन निरनिराळीं पुस्तकें एकाच घरांत असलीं, तर त्या घरांतील जिज्ञासु विद्यार्थी केव्हां तरी बुचकळ्यांत पडल्यावांचून राहत नाहीं. एका पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, पोर्तुगीजांनीं चिमाजीआप्पापुढें शरणागति पतकरली ती १६ मे १७३९ रोजीं, आणि किल्ला खालीं करून दिला तो २३ मे रोजीं. दुसऱ्या पुस्तकांत ह्याच दोन गोष्टी अनुक्रमें ५ मे आणि १२ मे ह्या तारखांस घातलेल्या दिसतात. दोन्ही ग्रंथकार विद्वान्. दोघांनींही अस्सल कागद पाहिलेले. मग खरें कोणाचें?

खरें दोघांचेंही. ५ मे आणि १६ मे हे येथें दोन दिवस नव्हतच. तो एकच दिवस होय. कापडाच्या एकाच ठाणाची लांबी एका दुकानदारानें गजांनीं सांगितली व दुसऱ्यानें वारांनीं सांगितली, तर आंकडे भिन्न येतात. पण त्यामुळें कापड वाढत नाहीं किंवा आंखडत नाहीं. वसईच्या तारखांचा प्रकार तशांतलाच आहे. ह्या वेढ्याशीं तीन सत्तांचा संबंध आला. पोर्तुगीज तटाच्या आंत होते, मराठे तटाबाहेर होते, आणि इंग्रज मुंबईस बसून दोघांकडेही लक्ष ठेवून होते. ह्या तिघांचीं काळ मोजण्याचीं मापें तीन तऱ्हेचीं होतीं. म्हणून तिघांच्या दप्तरांत एकाच घटनेस तीन निराळीं नांवें पडलीं.

हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय आहे असें कोणी समजूं नये. शरणागतीची तारीख पोर्तुगीज कागदांवरून १६ मे घेतली, आणि किल्ल्याचा ताबा मिळाल्याची तारीख इंग्रजी पद्धतीच्या पुस्तकावरून १२ मे घेतली, तर मराठ्यांनीं किल्ल्यांत पाऊल ठेवलें तें किल्ला शरण येण्याच्या चार दिवस आधीं, असा चमत्कारिक इतिहास तयार होतो. मग कोणी म्हणेल कीं तहाच्या अटी मोडल्या. कोणी म्हणेल कीं किल्ला दग्यानें घेतला. वस्तुतः दोष मराठ्यांचा नसून मापाचा असतो. ज्यानें मापें जुळविलीं नाहींत त्याच्या हातून पूर्वजांवर असा विनाकारण आरोप होऊं शकतो. ह्यासाठींच कालमापनाच्या ह्या पद्धति एकमेकींत कशा बसवावयाच्या तें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम पोर्तुगीजांकडे पाहावें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्यानें वसई पोर्तुगीजांस दिली ती डिसेंबर १५३४ मध्यें. त्या वेळीं साऱ्या ख्रिस्ती युरोपांत ज्यूलियस सीझरनें घालून दिलेलें पंचांग चालत होतें. त्यांत वर्षाची लांबी ३६५ दिवस व सहा तास धरली होती आणि दर चौथ्या वर्षीं एक दिवस वाढवीत असत. सूर्याचें खरें सांपातिक वर्ष मात्र ह्याहून सुमारें अकरा मिनिटांनीं लहान आहे. अकरा मिनिटें ती काय, असें वाटेल. पण सुमारें १२८ वर्षांत तींच मिनिटें सांचून एक दिवस होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वसंतसंपात, जो २१ मार्चला यावयाचा, तो ११ मार्चला येऊं लागला. तेव्हां पोप तेरावा ग्रेगरी ह्यानें १५८२ मध्यें आज्ञा काढली कीं, त्या वर्षीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसास १५ ऑक्टोबर म्हणावें. आणि पुढें शतक पुरें करणाऱ्या वर्षांपैकीं ज्यास ४०० नें भाग जातो तेवढेंच वर्ष लीप धरावें. पोर्तुगालनें ही आज्ञा ताबडतोब मानली, आणि पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानांतील मुलखांतही तीच गणना रूढ झाली. वसईच्या वेढ्याच्या वेळचे पोर्तुगीज कागद आहेत ते ह्या नव्या मितीचे.

इंग्रज प्रॉटेस्टंट पंथाचे. पोपच्या हुकुमानें आपलें पंचांग बदलण्यास ते राजी नव्हते. त्यामुळें त्यांनीं जुनेंच पंचांग पुढें १७० वर्षें चालविलें. १६६५ मध्यें मुंबई इंग्रजांच्या ताब्यांत आली, तेव्हां मोठी मौजेची स्थिति उत्पन्न झाली. माहीम इंग्रजांकडे, आणि खाडीपलीकडचें वांद्रें पोर्तुगीजांकडे. मधली खाडी ओलांडण्यास होडीला कितीसा वेळ लागणार? पण तेवढ्या अवधींत प्रवाशाची तारीख दहा दिवसांनीं पुढें जाई. १७०० साल उजाडलें तेव्हां हा फरक अकरा दिवसांचा झाला. कारण जुन्या पंचांगाप्रमाणें तें वर्ष लीप होतें व नव्याप्रमाणें नव्हतें. पोर्तुगीजांचा अंमल साष्टींतून जाईपर्यंत, म्हणजे जवळ जवळ पाऊणशें वर्षें, ही खाडी केवळ दोन राज्यांची नव्हे, तर दोन पंचांगांचीही सरहद्द होती.

ह्यावरून एक सोपा नियम हाती येतो. १५८२ पासून १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत जुन्या मितीत दहा दिवस मिळवावे, व तेथून १७५२ पर्यंत अकरा मिळवावे, म्हणजे नवी मिति येते. ५ मेमध्यें अकरा मिळविले कीं १६ मे होतो, आणि १२ मेचा २३ मे होतो. कोडें सुटलें. परंतु १५३४ च्या वसईच्या तहास हा नियम लावूं नये. कारण त्या वेळीं नवें पंचांग जन्मासच आलें नव्हतें, आणि त्या तहाची पोर्तुगीज तारीखही जुन्याच मितीची आहे.

इंग्रजी कागदांत ह्याहूनही फसवा असा दुसरा एक खळगा आहे. त्या काळीं इंग्लंडांत कायद्याचें वर्ष १ जानेवारीस सुरू होत नसे. तें २५ मार्चला सुरू होई. चिमाजीआप्पानें वसईस वेढा घातला तो फेब्रुवारी १७३९ मध्यें. इंग्रजी रिवाजानें त्या फेब्रुवारीचें वर्ष अजून १७३८ च होतें. त्यामुळें जुन्या इंग्रजी कागदावर फेब्रुवारी १७३८ असें आढळलें, तर वेढा सव्वा वर्ष चालला असा निष्कर्ष घाईनें काढूं नये. सावध लेखक अशा ठिकाणीं १७३८-३९ असें जोडवर्ष लिहीत असत. वसईचा अखेरचा वेढा सुमारें तीन महिन्यांचा होता, हें ह्या बाबतींत नेहमीं ध्यानांत ठेवावें.

आतां मराठ्यांची रीत पाहूं गेलें तर तिच्यांत एक नव्हे, तीन मापें एकत्र नांदत होतीं. पहिलें माप शालिवाहन शकाचें. शकांत ७८ मिळविले कीं चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. चिमाजीआप्पानें वसईकडच्या चर्चमधून आणलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटांपैकीं एक भीमाशंकरच्या देवळापाशीं आहे. तिच्यावर १७२९ हा आंकडा कोरलेला आहे. दर्शनास जाणाऱ्या माणसानें त्यांतून ७८ वजा केले कीं तिचा शक १६५१ हा निघतो. इतकें हें गणित सोपें आहे. वसई पडली तें शकाचें वर्ष १६६१ होय. त्याचें नांव सिद्धार्थी संवत्सर. महिना वैशाख, शुद्ध पक्ष. किल्ला खालीं झाला तो आठवड्यानें, म्हणजे वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास.

तिथि आणि तारीख ह्यांची सांगड घालतांना मात्र सोपेपणा संपतो. तारीख सूर्याची, तिथि चंद्राची. बारा चांद्र महिने मिळून सुमारें ३५४ दिवसच भरतात, म्हणून दर वर्षीं सौर वर्षाशीं सुमारें अकरा दिवसांचा फरक पडतो, आणि तो भरून काढण्यासाठीं साधारणपणें बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं अधिकमास धरावा लागतो. हे अकरा दिवस आणि इंग्रज-पोर्तुगीज मितींतील अकरा दिवस ह्यांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं. आंकडा सारखा आला म्हणून पुष्कळांची गल्लत होते, ती होऊं देऊं नये. शिवाय तिथीचा क्षय होतो, वृद्धि होते. म्हणून पंचांग पाहिल्यावांचून नुसत्या बेरीज-वजाबाकीनें तिथीची तारीख ठरवितां येत नाहीं. आणखी असें कीं, दक्षिणेंत महिना अमावास्येस संपतो, तर उत्तरेंत पौर्णिमेस. आपल्याकडचा वैशाख वद्य पक्ष उत्तरेकडे ज्येष्ठाचा कृष्ण पक्ष म्हणून ओळखला जातो. मराठ्यांच्या फौजा नर्मदेपार गेल्या तेव्हांपासून हाही फरक त्यांच्या पत्रव्यवहाराच्या अभ्यासकास संभाळावा लागतो.

दुसरें माप सुहूर सनाचें. ह्यास अरबी सन असेंही म्हणत. हिजरी ७४५, म्हणजे इसवी सन १३४४, ह्या वर्षापासून हा सन हिजरीपासून वेगळा होऊन सौर मानानें चालूं लागला, असें गणितावरून दिसतें. सारा वसूल करावयाचा तो पिकांच्या मानानें, आणि पिकें चंद्राच्या वर्षाची वाट पाहत नाहींत, हेंच ह्या सनाच्या सोयीचें मर्म. सूर्य मृग नक्षत्रीं आला कीं हें वर्ष बदले, म्हणून त्यास मृगसाल असेंही म्हणत. सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. हा सन आंकड्यांनीं न लिहितां अरबी शब्दांनीं लिहीत. वसईचा विजय ज्या वर्षांत झाला तें वर्ष तिसा सलासीन मया व अलफ. तिसा म्हणजे नऊ, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११३९.

येथेंही आजच्या अनुभवावर विसंबून चालत नाहीं. सांप्रत मृग जूनच्या ७ किंवा ८ तारखेस निघतो. आपलें पंचांग नाक्षत्र वर्षाचें असल्यामुळें तो हळूहळू पुढें सरकत आलेला आहे. १७३९ मध्यें तो नव्या मितीनें जूनच्या तिसऱ्या-चौथ्या तारखेच्या सुमारास, म्हणजे जुन्या मितीनें २४ मेच्या आसपास, येत होता. वसईचा किल्ला ताब्यांत आल्यावर अवघ्या दहाबारा दिवसांनीं सुहूर सन पालटला व अर्बैन मया व अलफ हें वर्ष लागलें. म्हणून जमाखर्चाच्या कागदावर तिसा सलासीन असेल तर तो खर्च वेढ्याच्या वर्षाचा, आणि अर्बैन असेल तर तो नव्या अमलाच्या व्यवस्थेचा, असा तर्क अभ्यासकास बांधतां येतो.

ह्या चारी गणना एकापुढें एक मांडल्या म्हणजे गंमत दिसते. फेब्रुवारी ते मे हा वेढ्याचा काळ पोर्तुगीजांच्या दप्तरांत एकाच वर्षाचा, १७३९ चा. इंग्रजी कायद्याप्रमाणें तो दोन वर्षांत विभागलेला, आधीं १७३८ व मग १७३९. शकाप्रमाणेंही दोन वर्षांत, गुढीपाडव्यापर्यंत १६६० व पुढें १६६१. सुहूर सनाप्रमाणें पुन्हां एकाच वर्षांत, ११३९ मध्यें. तोफ तीच, सुरुंग तोच, मरणारे व मारणारे तेच. वर्षें मात्र ज्याचीं त्याचीं.

तिसरें माप मुसलमानी चंद्राचें. मराठी पत्राच्या शेवटीं पुष्कळदां 'छ' हें अक्षर, त्यापुढें एक आंकडा व एक मुसलमानी महिना असतो. छ म्हणजे चंद्र, अर्थात् त्या महिन्याचा तितकावा दिवस. म्हणजे वर्ष सौर सुहूर सनाचें, आणि महिना मात्र चांद्र हिजरी, अशी ही जोडणी आहे. वसईच्या शरणागतीचा दिवस ह्या गणनेनें सफर महिन्याच्या सातव्या चंद्राच्या सुमारास पडतो.

वर्ष, महिना, दिवस जुळले तरी दिवस केव्हां बदलतो हा प्रश्न उरतोच. इंग्रज व पोर्तुगीज ह्यांचा दिवस मध्यरात्रीं बदले. मराठ्यांचा वार सूर्योदयास. मुसलमानी दिवस सूर्यास्तास. शुक्रवारीं रात्रीं दोन वाजतां सुरुंग उडाला अशी कल्पना केली, तर मराठी कागदांत ती गोष्ट शुक्रवारची, आणि युरोपीय कागदांत शनिवारची. एका दिवसाचा असा फरक आढळला कीं लगेच कोणास खोटें ठरवूं नये. ती गोष्ट रात्रीं घडली असावी कीं काय, हें आधीं पाहावें.

दिवसाच्या पोटांतील मापेंही अशींच बदलावीं लागतात. आपल्या पूर्वजांची अहोरात्र साठ घटकांची. एका घटकेचीं पळें साठ, एका पळाचीं विपळें साठ. म्हणजे घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचें. अडीच घटकांचा तास आणि अडीच पळांचें मिनिट. दोन घटकांचा मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. घटिकापात्र म्हणजे बुडास बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळांतील पाण्यावर तरंगत ठेवीत. भरून बुडाली कीं एक घटका झाली. लग्नाच्या मांडवांत हें पात्र अलीकडेपर्यंत पुष्कळांनीं पाहिलेलें आहे.

मात्र घटकांची गणना सूर्योदयापासून होते, मध्यरात्रीपासून नव्हे. आणि सूर्योदय तर रोज सरकत असतो. 'दहा घटका दिवस आल्यावर' असें वाचलें तर सूर्योदयानंतर चार तासांनीं असें समजावें. मेच्या मध्यास वसईंत आजच्या घड्याळानें सूर्योदय सहा वाजून पांच मिनिटांच्या सुमारास होतो. तेव्हां दहा घटका म्हणजे सकाळचे दहा वाजून पांच मिनिटें. डिसेंबरअखेर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हां त्याच दहा घटका अकराच्या पुढें जातात. प्रहराचेंही असेंच. साधारण हिशेबानें प्रहर साडेसात घटकांचा, म्हणजे तीन तासांचा. परंतु दिनमानाचा चौथा हिस्सा तो दिवसाचा प्रहर, अशा अर्थानें तो घेतला, तर मेच्या मध्यास वसईचें दिनमान सुमारें तेरा तासांचें असल्यामुळें दिवसाचा प्रहर सव्वातीन तासांचा होतो आणि रात्रीचा पावणेतीन तासांचा. हल्ल्याची वेळ तासांत सांगतांना हा अर्धा तास विसरून चालणार नाहीं.

मापांच्या ह्या गर्दींत अभ्यासकानें धरावयाचा भरंवशाचा दोर कोणता? तो दोर वाराचा. तिथि घटते, महिना वाढतो, पोप दहा दिवस गाळतो. परंतु वारांची सांखळी कोणी तोडलेली नाहीं. १५८२ मध्यें ४ ऑक्टोबर गुरुवार होता व दुसऱ्या दिवसास १५ म्हटलें तरी तो शुक्रवारच राहिला. म्हणून दोन तारखांविषयीं शंका आली कीं दोहोंचे वार काढून पाहावे. जुन्या मितीचा ५ मे १७३९ शनिवार. नव्या मितीचा १६ मे १७३९ हाही शनिवार. किल्ला खालीं झाला तो जुना १२ मे व नवा २३ मे, दोन्ही शनिवारच. वार जुळला म्हणजे रूपांतरांत चूक नाहीं अशी शंभर टक्के खात्री होते असें नाहीं. पण वार जुळला नाहीं तर चूक आहे अशी खात्री मात्र निश्चित होते.

ह्या दोन शनिवारांत तहाची एक अटही उलगडते. पोर्तुगीजांस आपलीं बायकामुलें व चीजवस्त घेऊन निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत देण्यांत आली होती. शनिवारपासून शनिवारपर्यंत दिवस मोजले तर अंतर सात दिवसांचें येतें, आणि वाचकास वाटतें कीं मुदत एक दिवसानें तुटली. पण पहिला व शेवटचा असे दोन्ही शनिवार मोजले कीं आठ दिवस बरोबर भरतात. मोजण्याची ही रीत आपल्या मराठींत घरोघर आहे. सात वारांच्या काळास आपण 'आठवडा' म्हणतों, 'सातवडा' म्हणत नाहीं. पोर्तुगीज भाषेंतही आठवड्याचा अवधि सांगतांना 'आठ दिवस' असेंच म्हणतात. एकमेकांशीं लढणाऱ्या ह्या दोन लोकांचें इतर कशांत जमत नसलें, तरी आठवडा मोजण्याच्या रीतींत त्यांचें एकमत होतें. मुदत पाळली गेली, आणि ठरल्या शनिवारीं किल्ला मराठ्यांच्या हवालीं झाला. दोनशें चार वर्षांचा पोर्तुगीज अंमल वसईंतून उठला.

मापें न जुळवितां इतिहास लिहिला तर माणसांच्या हेतूंविषयींचा निवाडा कसा उलटा होतो, हें एका कल्पित उदाहरणानें पाहावें. समजा, वसईहून पोर्तुगीजांनीं मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली तें पत्र ८ मेचें आहे. आणि मुंबईच्या कौन्सिलानें नकाराचा ठराव लिहिला तो १ मेचा आहे. वरवर पाहणारा म्हणेल कीं, मागणी येण्यापूर्वींच आठवडाभर इंग्रजांनीं नकार ठरवून ठेवला होता. केवढें हें कपट! परंतु पोर्तुगीजांचा ८ मे म्हणजे इंग्रजांचा २७ एप्रिल. मागणी आधीं, ठराव चार दिवसांनीं मागाहून. कपटाचा पुरावा तेथल्या तेथें विरून जातो. इंग्रजांनीं पोर्तुगीजांस भरीव साहाय्य केलें नाहीं, आणि वसई पडतांच मराठ्यांशीं बोलणें लावून जुलै १७३९ मध्यें कॅप्टन इंचबर्डच्या मार्फत तह केला, ही गोष्ट खरीच आहे. त्यांच्या धोरणावर टीका करावयाची तर अवश्य करावी. पण ती खऱ्या क्रमावर उभारावी, पंचांगाच्या फरकावर नव्हे.

दुसरें उदाहरण खरोखरीचें आहे, आणि तें सबंध हिंदुस्थानाचें आहे. वसईस वेढा पडला त्याच दिवसांत नादिरशहा दिल्लीवर चालून आला. कर्नालच्या लढाईची तारीख कांहीं पुस्तकांत १३ फेब्रुवारी १७३९, तर कांहींत २४ फेब्रुवारी अशी असते. दिल्लीच्या कत्तलीची कोठें ११ मार्च, तर कोठें २२ मार्च. श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल कीं हा फरकही तेच अकरा दिवस. नादिरशहा दक्षिणेकडे वळला तर काय, ही चिंता बाजीरावास लागून राहिली होती. आणि मराठ्यांचें मोठें बळ तर वसईच्या तटाशीं गुंतलेलें. अखेर नादिरशहानें दिल्ली सोडली. फारशी गणनेनें तो दिवस ७ सफर ११५२. तो दिवस नव्या मितीनें १६ मे आणि जुन्या मितीनें ५ मे. म्हणजे ज्या शनिवारीं वसईच्या पोर्तुगीजांनीं तहावर सही केली, त्याच शनिवारीं इराणचा शहा दिल्लीहून परत फिरला.

ह्यांतील एक तारीख जुन्या मितीची व दुसरी नव्या मितीची घेतली, तर दोन घटनांमध्यें अकरा दिवसांचें अंतर पडतें. मग एक लेखक म्हणूं लागेल कीं, शहा परतल्याची वार्ता कानीं आल्यामुळें मराठ्यांस जोर चढला व वसई पडली. दुसरा म्हणेल कीं, वसई पडल्याची बातमी ऐकून शहानें दक्षिणेचा विचार सोडला. दोन्ही कल्पना फोल. दिल्लीची बातमी त्या दिवशीं वसईस कळणें शक्य नव्हतें, आणि वसईची दिल्लीस कळणें शक्य नव्हतें. वसई पडली ती तटाशीं लढणाऱ्यांच्या चिकाटीनें. त्या शौर्याचें श्रेय दुसऱ्या कशास जाऊं न देणें हें अचूक कालगणनेचें काम आहे.

असें अचूक रूपांतर आज घरबसल्या करतां येतें, त्यामागें कांहीं थोड्या लोकांचें अपार कष्ट आहेत. बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांनीं तयार केलेली जंत्री मराठी इतिहाससंशोधकांच्या नित्य उपयोगांत राहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं आपला भारतीय ज्योतिःशास्त्राचा ग्रंथ १८९६ मध्यें प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं रॉबर्ट सेवेल ह्या इंग्रज गृहस्थाच्या सहकार्यानें हिंदी पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही पुरा केला. मद्रासकडील स्वामिकन्नू पिळ्ळे ह्यांनीं १९२२ मध्यें शेंकडों वर्षांच्या तिथि-तारखांचीं कोष्टकें छापून काढलीं. पुढें १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद प्रसिद्ध झाले, आणि गोव्याच्या दप्तरखान्यांत पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं पोर्तुगीज कागदांचा शोध लाविला. मराठी व पोर्तुगीज पुरावा शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें तेव्हां शक्य झालें. जंत्री नसती तर हे दोन्ही ढीग एकमेकांस मुके राहिले असते.

इंग्रजांनीं अखेर १७५२ मध्यें नवें पंचांग स्वीकारलें. त्या वर्षीं २ सप्टेंबर बुधवारच्या दुसऱ्या दिवसास १४ सप्टेंबर गुरुवार म्हणण्यांत आलें, आणि वर्षाचा आरंभही १ जानेवारीस आणला गेला. त्यामुळें वसईच्याच पुढच्या इतिहासांत हा गोंधळ उरत नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजीं. ह्या तारखेस दुसरें रूप नाहीं. पेशवाईच्या उत्कर्षकाळची वसईची तारीख दोन रूपांनीं मिळते आणि उतरत्या काळची एकाच रूपानें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

तारखांचा गोंधळ मिटला, पण तासांचा गोंधळ पुढेंही कांहीं काळ राहिला. १८६४ मध्यें मुंबईहून गुजराथकडे जाणारी आगगाडी वसईवरून धांवूं लागली. त्या काळीं हिंदुस्थानांतील रेल्वेचीं घड्याळें मद्रासच्या वेळेवर चालत, आणि मद्रासची वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेहून सुमारें अर्धा तास पुढें होती. १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटांनीं पुढची. तरीही मुंबई शहरानें आपली जुनी वेळ सोडण्यास पुष्कळ काळ घेतला. ती पूर्णपणें गेली १९५५ मध्यें. पंचांग असो कीं घड्याळ, माणूस आपल्या सवयीचें माप सहजासहजीं सोडीत नाहीं. इंग्रजांनीं पोपचें पंचांग नाकारलें व मुंबईकरांनीं सरकारी वेळ नाकारली, ह्या दोहोंच्या मुळाशीं मनुष्यस्वभाव एकच आहे.

तेव्हां वसई कोणत्या तारखेस पडली, ह्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें: नव्या मितीनें १६ मे १७३९ रोजीं, जुन्या मितीनें ५ मे रोजीं, शके १६६१ सिद्धार्थी संवत्सरीं वैशाख शुद्ध पक्षांत, सुहूर सन तिसा सलासीन मया व अलफमध्यें, शनिवारीं. स्मरणदिन पाळावयाचा असेल तर १६ मे हीच तारीख घ्यावी, कारण आज घरोघर चालते ती नवी मिति. त्या तारखेस सूर्य आकाशांत जेथें असतो तेथेंच तो त्या शनिवारीं होता. ज्यांस तिथीनें दिवस पाळणें प्रिय आहे त्यांनीं वैशाख शुद्ध पक्षांतील तिथि पंचांगावरून पाहून घ्यावी. ५ मे लिहावयाचा असेल तर त्यापुढें 'जुनी मिति' हे दोन शब्द लिहिल्यावांचून लिहूं नये.

वसई परिसरांत आजही हिंदूंचीं व ख्रिस्त्यांचीं जुनीं घराणीं शेजारीं शेजारीं राहतात. एकाच्या घरीं वतनाचा मोडी कागद सुहूर सनाचा असेल, तर दुसऱ्याच्या पूर्वजाची बाप्तिस्म्याची नोंद ख्रिस्ती सनाची असेल. ते दोन पूर्वज एकाच वाडींत, एकाच पावसाळ्यांत नांदत होते कीं नव्हते, हें कळावयाचें तर दोन्ही कागद एका मापावर आणावे लागतील. हें काम कोणाही शाळकरी मुलास शिकवितां येण्यासारखें आहे. बेरीज, वजाबाकी, जवळ एक चांगली जंत्री, आणि शेवटीं वार जुळतो कीं नाहीं हें पाहण्याची संवय; इतक्या सामुग्रीवर आपल्या गांवाचा इतिहास पुष्कळसा नीट लागतो.